लहान बाळाच्या अंगावरची मऊ गाठ: लायपोब्लास्टोमा म्हणजे काय, तो कॅन्सर असतो का?

बाळाला तेल लावताना किंवा आंघोळ घालताना पाठीवर, काखेत, मांडीवर हाताला एक मऊ गाठ लागते. दाबली तरी बाळ रडत नाही. ताप नाही, लाली नाही. बाळ दूध पितं, खेळतं. महिन्याभराने गाठ थोडी मोठी झाल्यासारखी वाटते.

अशा वेळी घरात दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, 'चरबीची गाठ आहे, काही होत नाही.' दुसरं मोबाइलवर शोधतं आणि कॅन्सरपर्यंत पोहोचतं. या दोन्हींच्या मधोमध बसणारा एक दुर्मीळ आजार आहे. त्याचं नाव लायपोब्लास्टोमा. ही गाठ चरबीचीच असते आणि ती कॅन्सर नसते. पण ती वाढते, कधीकधी वेगाने वाढते, आणि काढल्यावर परतही येऊ शकते. त्यामुळे घाबरण्यासारखं फारसं नसलं, तरी दुर्लक्ष करण्यासारखंही ते नाही.

लायपोब्लास्टोमा म्हणजे काय?

आईच्या पोटात असताना, साधारण चौथ्या महिन्यापासून बाळाच्या शरीरात चरबी तयार व्हायला लागते. सुरुवातीला चरबीच्या पेशी कच्च्या असतात. त्यांना लायपोब्लास्ट म्हणतात. पुढे त्या पिकत जातात आणि नेहमीच्या चरबीच्या पेशी होतात.

लायपोब्लास्टोमामध्ये अशा कच्च्या पेशी एका जागी जमून वाढत राहतात. म्हणजे ही गाठ गर्भातल्या पांढऱ्या चरबीसारखी दिसणाऱ्या पेशींची असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यात छोटे छोटे कप्पे दिसतात, कप्प्यांच्या मध्ये तंतूंचे पडदे असतात आणि कच्च्या ते पूर्ण पिकलेल्या अशा सगळ्या टप्प्यांवरच्या चरबीच्या पेशी असतात. काही भाग बुळबुळीत, जेलीसारखाही असतो.

मोठ्या माणसांच्या हातावर, पाठीवर जी साधी चरबीची गाठ येते, तिला लायपोमा म्हणतात. ती पूर्ण पिकलेल्या पेशींची असते, हळूहळू वाढते आणि अनेकदा वर्षानुवर्षं तशीच राहते. लायपोब्लास्टोमा हा तिचा लहान वयातला नातेवाईक म्हणता येईल, पण त्याची वागणूक वेगळी आहे. म्हणूनच 'आजोबांच्याही पाठीवर अशीच गाठ होती' हा अनुभव बाळाच्या गाठीला लागू पडत नाही.

या आजाराचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात गाठीभोवती पातळ आवरण असतं, ती एका जागी असते आणि बहुतेक वेळा त्वचेखालीच असते. याला लायपोब्लास्टोमा म्हणतात. दुसऱ्यात आवरण नसतं आणि गाठ आजूबाजूच्या स्नायूंमध्ये पसरलेली असते. याला लायपोब्लास्टोमॅटोसिस म्हणतात. हा दुसरा प्रकार पूर्ण काढणं अवघड असतं आणि परत येण्याची शक्यताही त्याचीच जास्त असते.

नावात 'ब्लास्टोमा' आहे, मग कॅन्सर कसा नाही?

रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यात जास्त घबराट या शब्दामुळे होते. न्यूरोब्लास्टोमा, रेटिनोब्लास्टोमा, नेफ्रोब्लास्टोमा, हेपॅटोब्लास्टोमा हे सगळे लहान मुलांचे कॅन्सर आहेत. साहजिकच लायपोब्लास्टोमाही त्यांच्यापैकीच एक वाटतो.

पण 'ब्लास्ट' या शब्दाचा अर्थ फक्त कच्ची, वाढीच्या टप्प्यावर असलेली पेशी एवढाच आहे. गाठ साधी की घातक, हे त्या शब्दावरून ठरत नाही. हाडांत होणारे ऑस्टिओब्लास्टोमा आणि कॉन्ड्रोब्लास्टोमा हेही नावाने असेच आहेत आणि तेही कॅन्सर नाहीत.

गाठींना जगभर एक सांकेतिक क्रमांक दिला जातो. त्यात तिरप्या रेघेनंतरचा आकडा गाठीचा स्वभाव सांगतो. 0 म्हणजे साधी, 3 म्हणजे घातक. लायपोब्लास्टोमाचा क्रमांक 8881/0 आहे. चरबीच्या कॅन्सरचा, म्हणजे मिक्सॉइड लायपोसार्कोमाचा, क्रमांक 8852/3 आहे.

साधी गाठ याचा अर्थ असा की ती रक्तातून किंवा लसिकेतून शरीरात दुसरीकडे पसरत नाही. फुप्फुसात, यकृतात, हाडात तिच्या शाखा जात नाहीत. तिला केमोथेरपी किंवा रेडिएशन लागत नाही. ती जो त्रास देते तो जिथे आहे तिथेच, जागा व्यापून आणि शेजारच्या अवयवांवर दाब देऊन.

हे नाव कधीपासून आलं?

अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट हेन्री जॅफी यांनी 1926 मध्ये जांघेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या चरबीच्या गाठींवर लिहिताना 'लायपोब्लास्टोमा' हा शब्द वापरला. 1958 मध्ये व्हेलियोस आणि सहकाऱ्यांनी पसरणाऱ्या प्रकाराचं वर्णन केलं. 1973 मध्ये चुंग आणि एन्झिंगर या दोन पॅथॉलॉजिस्टनी 35 रुग्णांची माहिती एकत्र मांडली. एका साध्या गाठीसाठी तोपर्यंतचा हा मोठा संग्रह होता आणि आजही त्याचा उल्लेख होतो.

फक्त 35 रुग्णांचा अभ्यास इतका महत्त्वाचा ठरावा, यावरूनच हा आजार किती दुर्मीळ आहे ते लक्षात येतं. जवळच्या डॉक्टरांनी असा रुग्ण आधी कधी पाहिलेला नसणं अगदी शक्य आहे.

कोणत्या वयात आणि शरीरावर कुठे?

सुमारे 90 टक्के रुग्ण तीन वर्षांपेक्षा लहान असतात. अनेकांची गाठ पहिल्या वाढदिवसाच्या आतच दिसते, काहींची जन्मतःच असते. मुलींपेक्षा मुलांमध्ये ती जास्त आढळते. मोठ्या मुलांमध्ये आणि क्वचित मोठ्या माणसांमध्येही ती सापडल्याच्या नोंदी आहेत.

सर्वाधिक गाठी हात, पाय आणि धडावर येतात. मांडी, दंड, काख, पाठ, नितंब, जांघ, मान या नेहमीच्या जागा. काही गाठी बाहेरून दिसतच नाहीत. त्या पोटात मागच्या बाजूला किंवा छातीत दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत असतात.

गाठ कुठे आहे, त्यावर त्रास ठरतो. पाठीवरची गाठ फक्त दिसायला वाईट दिसते. मानेतली किंवा छातीतली गाठ श्वासनलिकेवर दाब देते, मग खोकला, घरघर, श्वासाचा त्रास होतो. पोटातली गाठ खूप मोठी होईपर्यंत कळत नाही. आधी पोट फुगल्यासारखं वाटतं, नंतर भूक कमी होते, शौचाला त्रास होतो. मणक्याजवळची गाठ नसेवर दाब देऊन हात किंवा पाय लुळा करू शकते.

हा आजार का होतो?

बहुतेक लायपोब्लास्टोमामध्ये आठव्या गुणसूत्रावर एक बदल सापडतो. तिथे प्लॅग-1 नावाचं जनुक आहे. पेशींची वाढ सुरू करणाऱ्या यंत्रणेत त्याचा भाग असतो. गर्भात ते चालू असतं आणि जन्मानंतर बहुतांश ठिकाणी शांत होतं. गुणसूत्राचे तुकडे चुकीच्या जागी जोडले गेले की हे जनुक दुसऱ्या एखाद्या सतत चालू असणाऱ्या जनुकाच्या शेजारी येतं. हॅस-2 आणि कॉल-1ए-2 ही अशी दोन शेजारी जनुकं ओळखली गेली आहेत. शेजाऱ्याच्या जोरावर प्लॅग-1 चालूच राहतं आणि चरबीच्या कच्च्या पेशी वाढत जातात.

हा बदल फक्त गाठीच्या पेशींमध्ये असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि साधारणपणे पुढच्या बाळाला होण्याचा धोकाही त्यामुळे वाढत नाही.

हे सांगणं गरजेचं आहे, कारण बाळात काही वेगळं दिसलं की बोट आईकडे वळतं. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, अमुक खाल्लं, तमुक केलं, अशी कारणं शोधली जातात. यातल्या कशाचाही लायपोब्लास्टोमाशी संबंध नाही. आईच्या खाण्यापिण्यामुळे, बाळाच्या मालिशमुळे, पडल्यामुळे किंवा लसीमुळे ही गाठ होत नाही. बाळ गुटगुटीत आहे म्हणूनही होत नाही.

प्रत्येक गाठ लायपोब्लास्टोमा नसते

बाळाच्या अंगावरच्या बहुतेक गाठींचं कारण यापेक्षा कितीतरी साधं असतं. काही नेहमीची कारणं अशी:

लसीची गाठ: मांडीवर इंजेक्शन दिलेल्या जागी वाटाण्याएवढी कडक गाठ राहू शकते. ती काही आठवड्यांत हळूहळू कमी होते.

बीसीजीची गाठ: भारतात बीसीजीची लस जन्मानंतर डाव्या दंडावर देतात. त्यानंतर काही बाळांना डाव्या काखेत गाठ येते. ती बहुतेक वेळा आपोआप बसते. मोठी झाली, लाल झाली किंवा पू झाला तर डॉक्टरांना दाखवावी लागते.

अवधाण: सर्दी, घशाचा संसर्ग, डोक्यातले फोड यांमुळे मानेत किंवा जांघेत लहान गाठी येतात. दुखणं बरं झालं की त्या आकसतात.

हर्निया: जांघेतली फुगीर जागा रडताना किंवा खोकताना मोठी होते आणि बाळ शांत झोपलं की आत जाते. लायपोब्लास्टोमा असा आतबाहेर होत नाही.

रक्तवाहिन्यांची गाठ: हिला हिमँजिओमा म्हणतात. ती बऱ्याचदा लालसर किंवा निळसर दिसते.

पाण्याची गाठ: मानेत किंवा काखेत लसिकेच्या पिशव्यांची गाठ होते. अंधारात टॉर्च लावली तर तिच्यातून उजेड पार दिसतो.

या सगळ्यांपेक्षा वेगळी कोणती? जी मऊ आहे, दुखत नाही, जिचा रंग त्वचेसारखाच आहे आणि जी आठवड्यागणिक वाढते आहे. अशी गाठ तपासून घ्यायलाच हवी. वाढ खरंच होते आहे का, हे कळण्यासाठी सोपा उपाय आहे. दर पंधरा दिवसांनी गाठीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचा आणि तारीख लिहून ठेवायची. 'आधी आवळ्याएवढी होती, आता लिंबाएवढी झाली' यापेक्षा सेंटिमीटरमधला आकडा डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतो. मात्र गाठ वाढते आहे असं आधीच वाटत असेल, तर फोटोंसाठी थांबायचं नाही.

निदान कसं होतं?

सुरुवात सोनोग्राफीपासून होते. ती स्वस्त आहे, तिच्यात क्ष-किरण नाहीत आणि बाळाला भूल द्यावी लागत नाही. गाठ घट्ट आहे की पाण्याची, किती खोल आहे, तिच्यात रक्तपुरवठा किती आहे, हे त्यातून कळतं.

गाठ मोठी, खोल किंवा नसांजवळ असेल तर एमआरआय करतात. गाठ कुठवर गेली आहे याचा नकाशा सर्जनला त्यातून मिळतो. चरबीचा भाग एमआरआयमध्ये ओळखू येतो. पण लायपोब्लास्टोमातला जेलीसारखा भाग चरबीसारखा दिसत नाही. बाळ जितकं लहान, तितका हा भाग जास्त असू शकतो. त्यामुळे एमआरआयच्या रिपोर्टमध्ये कधीकधी 'लायपोसार्कोमा असू शकतो' अशी शक्यता लिहिलेली असते. ती फक्त शक्यता असते. दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये लायपोसार्कोमा अत्यंत दुर्मीळ आहे.

एमआरआयच्या यंत्रात बराच वेळ अजिबात न हलता पडून राहावं लागतं. लहान बाळ तसं राहत नाही, म्हणून त्याला झोपेचं औषध किंवा भूल देतात. त्याआधी पोट रिकामं लागतं. सर्वसाधारण नियम असा की साधं पाणी दोन तास आधी, आईचं दूध चार तास आधी आणि वरचं दूध किंवा खाणं सहा तास आधी बंद करायचं. रुग्णालयाने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळायचं. 'बाळ रडतं म्हणून थोडं दूध पाजलं' हे लपवू नये. भुलेत उलटी होऊन दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

या गाठीसाठी रक्ताची कोणतीही खास तपासणी नाही. पोटातली गाठ असेल तर काही रक्ततपासण्या करतात, त्या इतर आजार नाहीत याची खात्री करण्यासाठी.

शेवटचं उत्तर पॅथॉलॉजिस्ट देतात. काही वेळा आधी सुईने तुकडा घेऊन बायोप्सी करतात. पण छोट्या तुकड्यात फक्त पिकलेली चरबी आली तर साधा लायपोमा वाटतो, फक्त जेलीसारखा भाग आला तर लायपोसार्कोमाची शंका येते. म्हणून वरवरची, सहज काढता येणारी गाठ असेल तर सर्जन अनेकदा पूर्ण गाठ काढूनच तपासायला पाठवतात.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

उपचार एकच आहे: ऑपरेशन करून गाठ पूर्ण काढणं. गोळ्या, इंजेक्शन, मलम यांनी ती विरघळत नाही. काही गाठी वयाबरोबर पिकून साध्या लायपोमासारख्या झाल्याच्या नोंदी आहेत. पण कोणती गाठ तशी वागेल आणि कोणती वाढत जाईल, हे आधी सांगता येत नाही. वाढत गेली तर ऑपरेशन अवघड होत जातं.

आवरण असलेली गाठ बहुतेक वेळा सुटसुटीत निघते. पसरलेली गाठ स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्यांमध्ये शिरलेली असते. तिथे सर्जनसमोर प्रश्न असतो. सगळी गाठ काढायची तर एखादी महत्त्वाची नस कापावी लागेल आणि हात लुळा पडेल. ही गाठ कॅन्सर नसल्यामुळे असा मोबदला देण्याची गरज नसते. नस वाचवून थोडी गाठ मागे ठेवतात, त्यावर लक्ष ठेवतात आणि पुढे वाढलीच तर पुन्हा ऑपरेशन करतात. म्हणून 'डॉक्टरांनी अर्धवट ऑपरेशन केलं' असा निष्कर्ष काढण्याआधी काय ठेवलं आणि का, हे सर्जनना विचारायला हवं.

गाठ परत येते का?

येऊ शकते. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण 9 ते 25 टक्के दिलेलं आढळतं. पूर्ण न निघालेल्या आणि पसरलेल्या प्रकारात ते जास्त असतं. परत आलेली गाठही साधीच असते. ती परत आली म्हणजे तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर झालं, असं नाही.

खरी अडचण इथे होते. टाके सुकतात, बाळ धावायला लागतं, रिपोर्टवर 'कॅन्सर नाही' लिहिलेलं असतं आणि पुढच्या तपासण्यांना जाणं थांबतं. गाठ बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन वर्षांत परत येते, पण त्यानंतर आल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून निदान पाच वर्षं तरी तपासणी चालू ठेवावी, असा सल्ला दिला जातो. गाठ वरवरची होती तर हाताने तपासणं आणि गरज पडल्यास सोनोग्राफी पुरते. पोटातली किंवा छातीतली होती तर स्कॅन लागतात, कारण तिथे परत आलेली गाठ हाताला लागत नाही.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं?

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट इंग्रजीत असतो. डॉक्टरांकडून त्यातल्या चार गोष्टी मराठीत समजून घ्याव्यात.

एक, गाठीचं नेमकं नाव काय लिहिलं आहे: लायपोमा, लायपोब्लास्टोमा की लायपोब्लास्टोमॅटोसिस. दोन, गाठ साधी आहे असं स्पष्ट लिहिलं आहे का. तीन, कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत गाठ पोहोचली आहे का. चार, प्लॅग-1ची तपासणी झाली आहे का. ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही. चित्र स्पष्ट नसेल तेव्हा मात्र ती निर्णायक ठरते. मिक्सॉइड लायपोसार्कोमामध्ये प्लॅग-1चा बदल नसतो. त्यात फस आणि डिडिट-3 ही दोन वेगळी जनुकं जोडली गेलेली असतात.

गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर फक्त रिपोर्टचा कागद पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइड लागतात. ते पॅथॉलॉजी विभागाकडून मागून घेता येतात. ऑपरेशनचा कागद, एमआरआयची सीडी आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवावा. पाच वर्षांनी गाठ परत आली तर हीच फाइल कामाला येते.

चिंचपोकळी, लालबाग, करी रोडच्या पालकांनी कुठे जायचं?

पहिला टप्पा जवळचे बालरोगतज्ज्ञ किंवा पालिकेचा दवाखाना. गाठ वाढते आहे असं दिसलं तर त्यांच्याकडून लहान मुलांच्या सर्जनकडे, म्हणजे पीडियाट्रिक सर्जनकडे चिठ्ठी घ्यावी. मोठ्यांच्या गाठी काढणाऱ्या सर्जनपेक्षा इथे लहान मुलांचे सर्जन योग्य. बाळाची भूल, रक्तस्राव आणि नसा यांचा हिशेब वेगळा असतो.

चिंचपोकळीत साने गुरुजी मार्गावर कस्तुरबा रुग्णालय आहे. पण ते संसर्गजन्य आजारांसाठी आहे, अशा गाठींसाठी नाही. चिंचपोकळीहून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने करी रोडनंतरचं स्टेशन परळ. तिथे आचार्य दोंदे मार्गावर लहान मुलांसाठीचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे. गिरणीमालक वाडिया कुटुंबाने ते 1929 मध्ये सुरू केलं. त्याच रस्त्यावर पालिकेचं केईएम रुग्णालय 1926 पासून आहे. या दोन्ही ठिकाणी लहान मुलांच्या सर्जरीचा विभाग आहे. पालिकेच्या शीव रुग्णालयातही तो आहे.

परळलाच 1941 पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. तिकडे चिठ्ठी दिली की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पण टाटाला पाठवलं म्हणजे कॅन्सर झाला, असा अर्थ होत नाही. गाठींच्या स्लाइड रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेणं, हेही तिथे पाठवण्याचं एक कारण असतं. या आजारात ते मत फार मोलाचं आहे, कारण साध्या गाठीला कॅन्सर समजून बाळाला केमोथेरपी देणं आणि कॅन्सरला साधी गाठ समजून सोडून देणं, दोन्ही महागात पडतं.

खर्चाचं काय?

खर्चासाठी तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. पहिली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि 2017 मध्ये तिचं नाव बदललं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. बाळाचं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे ते सांगतात. दाखल होण्याआधीच त्यांना भेटावं.

दुसरी, धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात अर्ज करावा लागतो.

तिसरी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो 2013 मध्ये सुरू झाला. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची त्यात तपासणी होते आणि गरज असेल तर पुढच्या उपचारांसाठी पाठवलं जातं. गावाकडे राहणाऱ्या नातेवाइकांच्या मुलांसाठी अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करणं हा सोपा मार्ग आहे.

काय करू नये?

गाठीवर गरम शेक, चुना, बिब्बा किंवा कसलाही लेप लावू नये. बाळाची कातडी नाजूक असते. बिब्ब्याने ती भाजते आणि मग ऑपरेशन लांबणीवर पडतं. गाठ 'विरघळावी' म्हणून तिच्यावर जोर देऊन मालिश करू नये. बाकीच्या अंगाला नेहमीचं मालिश चालतं.

चटके किंवा डाग देणं तर अजिबात नको. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा आहे आणि त्यात बाळं गंभीर भाजल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. पोट फुगण्यामागे गॅसपासून गाठीपर्यंत अनेक कारणं असतात. चटक्यांनी त्यातलं एकही बरं होत नाही.

गाठीचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून निदान मागू नये. फोटोवरून मऊ की कडक, खोल की वरवरची, हे कळत नाही. वर बाळाचा फोटो कुठे कुठे फिरेल यावर ताबा राहत नाही.

लगेच रुग्णालयात कधी न्यायचं?

पुढीलपैकी काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता न्यावं: बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो आहे किंवा झोपेत घरघर वाढली आहे, पोट फुगून कडक झालं आहे आणि उलट्या होत आहेत, गाठ असलेल्या बाजूचा हात किंवा पाय बाळ हलवत नाही, जांघेतली फुगी आत जात नाही आणि बाळ सतत रडतं आहे, गाठ अचानक लाल, गरम झाली आहे आणि ताप आहे.

यातलं काही नसेल, बाळ हसतं-खेळतं असेल आणि फक्त गाठ वाढते आहे असं वाटत असेल, तर रात्री धावपळ करायची गरज नाही. मात्र त्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. 'दात येऊ देत, मग बघू' किंवा 'गणपती झाले की जाऊ' असं म्हणत महिने घालवू नयेत. वेळेत काढलेली वरवरची गाठ बहुतेक वेळा एका ऑपरेशनमध्ये संपते.